कॉर्नरला पहिली धावणारी

२४ एप्रिल, शुक्रवार

आचल आज दुपारच्या पॅसेंजरने आली. मी सालेकशाच्या फलाटावर छत्री घेऊन उभी होते, ऊन फार होतं. डब्यातून उतरताना तिने आधी डावा पाय खाली टेकवला, दांडा धरून जरा थांबली आणि मग उजवा उतरवला. पूर्वी गाडी थांबायच्या आत उडी मारायची आणि मी ओरडायचे. आज ओरडण्यासारखं काही नव्हतं.

बातमी तिने जेवताना सांगितली. तीन वर्षांपूर्वी तिने देशाच्या हॉकी संघातून निवृत्ती घेतली होती. तेव्हापासून ती फक्त लीगमध्ये, तिच्या क्लबकडून खेळते. आता बचाव फळीतली एक मुलगी जायबंदी झाली, आणि संघाने आचलला परत बोलावलं आहे. दहा मेला बंगळूरच्या शिबिराला निघायचं. स्पर्धा सप्टेंबरात, परदेशात. छत्तिसाव्या वर्षी बोलावणं येतं का कुणाला?

मी ताटावरून उठून तिला मिठी मारली. हात उष्टा होता, तिच्या पाठीला वरण लागलं.

"इतकी खूश झालीस?" ती म्हणाली.

"मग? होणार नाही?"

हिरालाल भात कालवत म्हणाले, "गुडघ्याले विचारलं का?"

मी त्यांना वरण वाढलं. (नवऱ्याचं नाव मी फक्त या वहीत घेते. तोंडाने सत्तेचाळीस वर्षांत घेतलेलं नाही.)

२७ एप्रिल, सोमवार

दहा वाजल्यापासून खिडक्या बंद, कूलर सुरू. शेजारचे चौघं-पाच जण विडीची पानं तोडायला, तेंदूपत्त्याच्या कामाला, पहाटेच जाऊन अकराला परततात, त्यानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घरात आम्ही तिघं आणि कूलरचा आवाज.

रुख्मा मालिश करायला आली. तिने टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल कोमट केलं आणि आचलचा उजवा गुडघा मांडीवर घेतला. दाबला की आतून जात्यात खडा आल्यासारखा आवाज येतो. मी दारात उभी होते, तिथपर्यंत ऐकू आला.

"मास्तरीनबाई, हा गुडघा पोरीचा नाही, बुढीचा हाये," रुख्मा म्हणाली.

"मावशी, संघातल्या पोरी मला आँटीच म्हणतात," आचल हसून म्हणाली.

"मंग आँटीनं घरी बसावं ना माय. कायले पळापळ?"

रुख्मा गेल्यावर आचलने मला सगळं सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांचं म्हणणं, दोन शस्त्रक्रिया झालेला सांधा आहे, आणखी एक जोराचा पीळ बसला तर तो बदलावाच लागेल. मग धावणं कायमचं विसरायचं. क्लबचं म्हणणं, लीगचे दोन हंगाम बेताने खेळ, नंतर लहान मुलींची प्रशिक्षक म्हणून ठेवून घेऊ. पण देशाकडून खेळताना गुडघा गेला तर करार संपला. मग ना खेळ, ना नोकरी.

"मग?" मी विचारलं.

"मग तू सांग."

"मी काय सांगणार बाळा? खेळ तुझा. मी तुझ्या आड येणार नाही."

ती कूलरकडे तोंड करून बसली. माझ्या वडिलांनी मला अडवलं तसं मी तिला अडवलं नाही, याचं समाधान वाटलं. पण रात्रभर तो गुडघ्याचा आवाज कानात होता, हेही लिहून ठेवते.

२९ एप्रिल, बुधवार

चौकात बॅनर लागला. आचलचा हातात स्टिक घेतलेला फोटो, बारा वर्षांपूर्वीचा. खाली लिहिलंय, 'सालेकशाची लेक पुन्हा देशासाठी'. आमच्या खिडकीतून सरळ दिसतो. आचलने खिडकीचा पडदा ओढून घेतला. ऊन येतं म्हणाली.

१ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात वंदना झाली. पांढऱ्या साडीत बसून पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, आचलने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. भास असेल.

वंदनेनंतर विहार समितीच्या दुधरामने आचलचा सत्कार ठेवला होता. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी कामठीचं सांगितलं. नेहमीच सांगते, पण आज फार मनापासून सांगता आलं. वडील रेल्वेत गार्ड होते, त्यांनी मला कामठीला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ठेवलं होतं. प्रार्थनागृहामागचं लाल मातीचं मैदान. झगा खोचून आमच्याबरोबर धावणाऱ्या सिस्टर बेनेडिक्टा. पेनल्टी कॉर्नरला समोरची मुलगी गोलावर फटका मारते, तेव्हा गोलातून सगळ्यांत आधी बाहेर धावून त्या चेंडूसमोर जायचं काम एकीवर असतं. ती एक मी होते. आज आचलचंही तेच काम आहे. सतराव्या वर्षी माझी राज्याच्या मुलींच्या संघात निवड झाली, आणि वडिलांनी लग्न ठरवून मला परत आणलं.

"माझं जे राहिलं, ते माझ्या लेकीने केलं," मी म्हणाले. बायांनी डोळे पुसले.

सगळे मांडी घालून बसले होते. आचल एकटी पाय लांब करून बसली होती आणि सतरंजीकडे बघत होती. हिरालाल मध्येच उठून खिरीचं बघायला गेले. त्यांना भाषणं आवडत नाहीत.

५ मे, मंगळवार

आज आचलने शिबिराचा वैद्यकीय फॉर्म माझ्यासमोर ठेवला. पाचवीपासून तिचे सगळे फॉर्म मीच भरत आले. तिचं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. माझं कॉन्व्हेंटचं. मी भरायचं, तिने सही करायची, अशी आमची रीत. आज सही आधीच केलेली होती. वर सगळे रकाने कोरे.

"हा तू भर, आई."

"नेहमीसारखा?"

"नेहमीसारखा नको. नीट वाचून भर. तिथे पोचल्यावर चार दिवसांत द्यायचा आहे. तू जे लिहिशील ते."

मी वाचला. चौदावा प्रश्न: मागच्या दोन वर्षांत गंभीर दुखापत, शस्त्रक्रिया किंवा सध्या वेदना आहे का? समोर एक लहानसा रकाना, खाली 'असल्यास तपशील'.

"चौदावा बघितलास का?" मी विचारलं.

"बघितला म्हणून तर तुला देते आहे." ती दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "खरं लिहिलंस तरी मी रागावणार नाही. खरंच."

केवढं मन माझ्या लेकीचं. माझ्याकडून खोटं लिहवणार नाही हे ओळखून तिने मला आधीच माफ करून टाकलं. म्हणजे सगळं माझ्यावरच आलं. 'हो' लिहिलं तर तिचं शेवटचं बोलावणं माझ्या हाताने जातं. 'नाही' लिहिलं तर तिचा पाय. मी फॉर्म गादीखाली ठेवला आहे. गादीवर बसवत नाही.

६ मे, बुधवार

लिहिलं. इंग्रजीत ते दोनच अक्षरांचं असतं. 'नो'.

शाईचं पेन धुतलं, भरलं, आधी रद्दी कागदावर रेघ ओढून पाहिली. सिस्टर बेनेडिक्टा खोटं बोललेल्या मुलीला एक वाक्य शंभरदा लिहायला लावायच्या आणि अक्षर बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. माझं अक्षर बिघडलं नाही. सुंदर आलं. त्याचंच वाईट वाटलं.

निदान तिच्या हाताने तरी झालं नाही.

८ मे, शुक्रवार

"भरलास?" आचलने विचारलं.

"भरला."

मी पाकीट दिलं. तिने उघडून पाहिलं नाही. हातात वरखाली केलं, जसं काही वजनावरून कळेल. "बरं," म्हणाली आणि दुपारभर झोपून राहिली. ओझं उतरलं असावं.

संध्याकाळी दिवे गेले. अंगणात चटई टाकली. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, कित्येक वर्षांनी. केसांत पांढरे बरेच आहेत. मी एक उपटला तर म्हणाली, "एक काढला तर दहा येतात, आई."

मग म्हणाली, "मी इथेच राहिले तर काय करशील?"

"तू? घरी बसणारी का तू?" मी हसले. तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्याच्या, बांधावरून बाभळीची काठी घेऊन चिंचोके मारत जायची त्या. तिने डोळे मिटून घेतले. झोप लागली असेल.

१० मे, रविवार

गोंदियाहून गाडी होती. हिरालालनी तिची किटबॅग खांद्यावर घेतली, कुणाला हात लावू दिला नाही. पुलाचा जिना चढताना ती कठडा धरून एकेक पायरी चढत होती. मागचा माणूस ओरडला, "अरे दीदी, जल्दी चलो ना." हिरालाल वळून त्याला म्हणाले, "तुले घाई हाये तं उडून जा ना बाबू."

डब्याच्या दारात तिने माझा हात धरला. "तुझ्यासाठी मेडल आणते, आई."

मला रडू आलं. गाडी हलली. तिचा चेहरा मी पाहत होते. तिला लहानपणी पहिल्यांदा वसतिगृहात सोडताना होता तसाच वाटला. प्रवासाचा थकवा धरून बसते ती आधीच.

येताना बसमध्ये हिरालालनी आमगावपर्यंत तिकिटाची सुरळी केली. मग म्हणाले, "पोरगी खुशीनं नाही गेली."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मले हाकी नाही समजत. पोरगी समजते. तुयासाठी जाऊन राहिली ते."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

१२ मे, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी हिरालाल खाटेवर पडले होते. मी बाबांच्या, माझ्या वडिलांच्या, फोटोची काच पुसत होते. ते मागून म्हणाले, "तू पोरीले कामठीचं खरं काऊन नाही सांगत?"

"कोणतं खरं?"

"तुया बापानं मले विचारलं होतं. पोरीले खेळाचं हाये, दोन वर्ष थांबता का म्हणे. मी म्हणलं, थांबतो. मले कुठं घाई होती? मंग तुया बापाले तुयीच चिठ्ठी आली, का लगन याच वर्षी करा."

फडकं माझ्या हातातच राहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मले तं वाटलं तुले माया फोटो लय आवडला." ते हसले. "मंग एक दिवस तुयं भाषण आयकलं. तवापासून आयकूनच राहिलो."

"कधी बोलला नाहीत."

"का बोलाचं? तुले तसं सांगून बरं वाटे. कोणाचं का जात होतं? आता पोरीचा पाय जाऊन राहिला म्हणून बोललो."

मी इथे, याच टेबलाशी बसले आहे. सत्तेचाळीस वर्षांत हे कधी लिहिलं नाही, या वहीतसुद्धा.

निवड झाल्यानंतरचा तिसरा सराव. पेनल्टी कॉर्नर. पहिली धावणारी मी. समोरच्या मुलीने स्टिक मागे नेली आणि माझे पाय आपोआप वळले. मी बाजूला झाले. चेंडू माझ्या मागच्या फिलोमिनाच्या तोंडावर बसला. पुढचे तीन दात. तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त आणि लाल माती. सिस्टरनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुढच्या सरावाला मी पोट दुखतं म्हणाले. त्याच आठवड्यात बाबांचं पत्र आलं. 'स्थळ चांगलं आहे. पण तुला खेळायचं असेल तर खेळ, ते लोक थांबतील.' मी उलट टपाली कळवलं, लग्न याच वर्षी करा. त्या रात्री मला गाढ झोप लागली. सुटका झाली होती.

मग कुणीतरी विचारलं, खेळ का सोडलास? मी म्हणाले, बाबांनी लग्न ठरवलं. एकदा म्हणाले आणि ते सोपं झालं. आचलला तर ते मी घासाघासाबरोबर भरवलं. बाबांनीही ते एकदा ऐकलं, याच ओसरीत, आचल सात-आठ वर्षांची असताना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पानाला चुना लावत राहिले. वारले तेव्हाही काही बोलले नाहीत.

मी चेंडूला घाबरले होते. एवढंच. त्यासाठी एका चांगल्या माणसाला मी आडदांड बाप करून टाकलं.

आणि आचल छत्तीस वर्षांची होईपर्यंत त्या चेंडूसमोर धावते आहे.

१३ मे, बुधवार

रात्रीपर्यंत आचलला सांगायचा धीर झाला नाही. शेवटी हिरालालनीच फोन लावून माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले.

मागे मुलींची गडबड ऐकू येत होती, कुणीतरी हिंदी गाणं म्हणत होतं. मी सगळं सांगितलं, फिलोमिनाचे दात, बाबांचं पत्र, माझं उत्तर. अध्येमध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

मग दार लोटल्याचा आवाज आला, गाणं बंद झालं.

"म्हणजे आजोबांनी काही केलं नव्हतं?"

"नाही."

"तू बाजूला झालीस."

"हो."

"आई, दुसऱ्या ऑपरेशननंतर कॉर्नरला मी दर वेळी ठरवायचे, आज बाजूला व्हायचं. दर वेळी तू दिसायचीस. लाल मातीत उभी. तुला कुणी खेळू दिलं नाही, म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "मी फॉर्म तुला का दिला होता, कळलं का आता?"

मला तेव्हा कळलं. इतक्या उशिरा. खरं लिहिलंस तरी रागावणार नाही, म्हणाली होती. मांडीवर डोकं ठेवून विचारलं होतं, इथेच राहिले तर? सगळं स्पष्ट बोलली होती लेक माझी. मी प्रत्येक शब्द माझ्या सोयीने ऐकला.

"कळलं," मी म्हणाले. "फॉर्म दिलास का?"

"उद्या द्यायचा आहे. फोन ठेवते."

१६ मे, शनिवार

फोन नाही. काल नाही, आज नाही. मी लावला, उचलला नाही.

पडदा बाजूला केला की चौकातला बॅनर, लावला की कूलरचा आवाज. ते पाकीट कुठल्या तरी टेबलावर पडलं असेल, माझं सुंदर अक्षर आत घेऊन. खाली तिची सही. ती रागाने खेळेल का आता? मला दाखवायला? तेही करेल. माझीच आहे.

रुख्मा तेलाची बाटली परत मागायला आली. "कशी हाये आँटी?" म्हणाली. मी बाटली दिली नाही. राहू दे म्हणाले.

१८ मे, सोमवार

सकाळी मोबाईलवर फोटो आला. फॉर्मचा, पण मी भरलेल्या फॉर्मचा नाही. तिने तिथे नवा मागून घेतला आणि स्वतः भरला. ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या, चिखलातली कोंबडी जशीच्या तशी.

चौदाव्या प्रश्नाचं उत्तर रकान्यात मावलेलं नाही. समासात गेलं आहे, तिथून खाली. फॉर्ममध्ये दोनच वर्षांचं विचारलं होतं. तिने सगळंच लिहिलं. उजवा गुडघा, दोन शस्त्रक्रिया. मागच्या हिवाळ्यात तीनदा पाणी काढलं. उपांत्य सामन्याआधी सुई घेऊन खेळली. डाव्या हाताचं बोट मोडलेलं. बरगडीला चीर, तारखेसकट. त्या तारखेला तिने व्हिडिओ कॉलवर सर्दी झाली असं सांगितलं होतं आणि मी म्हणाले होते, किती छान ताठ बसलीस. ते सगळे सामने मी टीव्हीसमोर मुरमुऱ्याचं ताट घेऊन पाहिले आहेत. टाळ्या वाजवत.

सगळ्यांत खाली प्रश्न आहे: संघासाठी उपलब्ध आहात का? समोर दोन अक्षरं. पेन इतकं दाबलंय की कागद फाटल्याची रेघ फोटोतही दिसते. 'नो'.

सिस्टरनी हा कागद परत लिहायला लावला असता. मी मात्र वहीच्या मागच्या पानावर तसंच लिहून पाहिलं, चार-पाच वेळा. माझ्या अक्षरात ते तसं येत नाही.

फोटोखाली निरोप: 'बुधवारी गोंदियाला उतरते. क्लबला कळवलं आहे, ते ठेवतील असं म्हणतात, बघू. जिना आहे, बाबांना ये म्हणावं. तुझ्यावर राग आहे. तूही ये. भाषण नको.'

मी मोबाईल हिरालालना दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि शिडी घेऊन चौकात गेले. मी खिडकीतून पाहत होते. बॅनरच्या दोऱ्या सोडताना दुधराम धावत आला.

"काऊन काढून राहिले काका? का झालं?"

"काही नाही झालं," हिरालाल शिडीवरूनच म्हणाले. "होणार होतं, ते नाही झालं."

बॅनर त्यांनी घरी आणून अंगणातल्या जळणावर घातला, पावसाची सोय म्हणून. फोटोची बाजू आत केली.

माझ्या बाबांच्या फोटोची अर्धवट राहिलेली काच आज पुसून काढली. बुधवारी फलाटावर काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. ती रागावलेली असेल आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल. छत्री तेवढी काढून दाराशी ठेवली आहे.